दोर, दगड आणि चौथा चरण



आजचं वाचन : गीता, अध्याय ६, श्लोक ३४ आणि ३५. अर्जुन म्हणतो, मन आवरणं म्हणजे वाऱ्याला धरून ठेवण्याइतकं अवघड. भगवंत ते नाकारत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य, एवढे दोनच शब्द हातावर ठेवतात. गंमत बघा, उपमा अर्जुनाच्या अडचणीला मिळाली, उत्तराला नाही.

ती उणीव आपल्या संतांनी भरून काढली. ज्ञानदेव बाराव्या अध्यायात सांगतात की अभ्यासानं विषसुद्धा पचतं. तुकोबांनी तर यावर अख्खा अभंगच रचलाय, ओल्या मुळानं खडक फुटतो असं सांगणारा.

पण मला एक प्रश्न छळतो. कष्टात असलेल्या माणसाला ‘चिकाटी धर’ हे गोड चालीत सांगणं म्हणजे मदत की फसवणूक? पिंपळगाव बसवंतला राहणाऱ्याला हा पुस्तकी प्रश्न नाही. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी होते, पुढचे काही महिने माणूस बागेतच असतो, आणि एका रात्रीच्या गारपिटीत घड खाली. मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उतरवणाऱ्याला कधी गाडीभाडंही सुटत नाही. त्याला कोणती रील पाठवणार? माझ्या पळायच्या प्लेलिस्टमधली गाणी सगळी वादळ, शिखर आणि विजयाची. तिसऱ्या किलोमीटरपर्यंत मस्त वाटतात. त्यांच्या उपमा फळाचं आश्वासन देतात, कामाचं मोजमाप नाही.

तुकोबांचे दृष्टांत वेगळे आहेत. मूळ लोखंडाचं नाही, ओलं आहे, मऊ आहे. दोर विहिरीच्या दगडाला घासतो आणि खाच पडते. जुन्या विहिरीच्या काठावर अशा खाचा बोटानं चाचपून बघा. एक खाच पडेपर्यंत किती दोर झिजून तुटले असतील! दगडावर त्यांची नावं नाहीत. (हे तुकोबा म्हणत नाहीत, खाच बघून मला सुचलं.) आणि शेवटचा दृष्टांत मला सगळ्यात मोठा वाटतो : आईच्या पोटात बाळाला एकदम जागा कुठून मिळणार? ती हळूहळू होते. इथे कुणी काही फोडत नाही, कापत नाही. सामावून घेणं हीसुद्धा चिकाटीच, हे कुठल्या जिमच्या गाण्यात येतं?

मग छंद. मोठ्या अभंगात तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं, चौथा मोकळा. म्हणजे लय जमली असं वाटतं तोच ओळ आखूड होते, श्वास घ्यावा लागतो आणि पुन्हा सहापासून सुरुवात. भजनात दर कडव्यानंतर ध्रुपदही परत येतं. अभ्यास म्हणजे काय ते अर्थ कळायच्या आधी छातीला कळतं.

आणि शेवटी नाममुद्रा. तुकोबा स्वतःचं नाव घालतात, म्हणजे जामीनच राहतात. १६३०च्या आसपासच्या दुष्काळात पहिली बायको गेली, धंदा बुडाला. असा माणूस चिकाटीचं बोलतो तेव्हा ते वरून दिलेल्या सल्ल्यासारखं वाटत नाही.

तरी एक सांगतो. प्रयत्न होईपर्यंतच सगळं अवघड, हे त्या अभंगाचं म्हणणं मनाच्या बाबतीत मला शंभर टक्के पटतं; बाजाराच्या बाबतीत नाही. पडलेल्या भावाला नुसतं घासत राहून खाच पडत नाही, तिथे चार जणांनी मिळून भांडावं लागतं. तिथे हा अभंग ऐकवून कुणाला गप्प बसवू नये. सहाव्या अध्यायातही विषय मनाचाच आहे, भावाचा नाही.

आज रात्री जमलं तर तो अभंग गाथ्यात काढा आणि वाद्यांशिवाय, नुसत्या टाळीवर म्हणून बघा. चौथ्या चरणाशी आपला श्वास काय करतो, ते कमेंटमध्ये सांगा. उद्या श्लोक ३६.