रिकामी भिंत

गेल्या वर्षी दशलक्षण पर्वात, उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, मी परिग्रह-परिमाणाचा नियम घेतला. साड्या इतक्या, भांडी इतकी, दागिना आहे तेवढाच, नवीन फर्निचर नाही. एका वहीत सगळं लिहून काढलं. लिहिताना लक्षात आलं की माझ्याकडे चहाच्या गाळण्याच सात आहेत. एका घरात सात गाळण्या कशाला लागतात, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे दिवाळी होती, आणि दिवाळीनंतर लेकीला बघायला बेंगळुरूची मंडळी येणार होती. घर जुनं, शहापुरातलं. वर मंगळुरी कौलं, पुढे सोपा, मध्ये अंधारी खोली आणि मागे परसू. रंग उडालेला. ह्यांनी सांगितलं, "दोन हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही." मी म्हटलं, दोन हजार पुष्कळ झाले. नियम घेतलेल्या बाईला साधेपणाचा उत्साह असतो, तो मला भरपूर होता.

काय काय केलं ते सांगते, कारण त्यातलं बरंच तुम्हालाही उपयोगी पडेल. भिंतींना चुना दिला, चिमूटभर नीळ घालून. रंगाऱ्यानं विचारलं, "सरस घालू का वहिनी, पांढरा हाताला लागणार नाही." सरस कशापासून करतात ते ठाऊक आहे ना? जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. नको म्हटलं, फेविकॉल घातला. सासूबाईंचं एक सुती इरकल नऊवारी होतं, मध्ये विरलेलं पण काठ शाबूत. त्याचे पाच पडदे झाले. आडवं कापलं की दोन्ही बाजूंना काठ आपसूक येतात, शिवायला फक्त वरची-खालची पट्टी. पदराचं टेबलक्लॉथ केलं. जुन्या पितळी घागरीला चिंच लावून घासलं आणि दाराशी छत्र्या ठेवायला ठेवली. मनीप्लँटची बाटली ठेवली नाही. साचलेल्या पाण्यात चार दिवसांत काय वळवळायला लागतं ते बघितल्यावर मन होत नाही. त्यापेक्षा कुंडी बरी. रांगोळी दगडाच्या भुकटीची. तांदळाच्या पिठाला मुंग्या येतात आणि मुंग्यांवर आपलेच पाय पडतात, म्हणून आमच्याकडे उंबऱ्याशी पीठ घालत नाहीत. फुलं तोडली नाहीत. परसातल्या पारिजातकाचा सडा वेचून एका ताटलीत ठेवला, दुपारपर्यंत तो कोमेजतो, कोमेजू दे. उशांना अभ्रे सुती. रेशमाचे दोन होते ते काढून टाकले. नेसताना मी रेशमाचा फार विचार करत नाही हेही कबूल करते, पण उशीला कशाला हवं?

सगळा खर्च 1,840 रुपये. वहीत आहे.

आता जे वहीत नाही ते.

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्या चातुर्मासात सांगलीला वन्संकडे गेले होते. तिथे मुनिमहाराजांची प्रवचनं होती. दिवाळीनंतर परत येणार होते. सोप्यात त्यांची वेताची आरामखुर्ची होती. वेत दोन ठिकाणी तुटलेलं, एका हाताला सुतळी गुंडाळलेली, पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मागच्या भिंतीवर डोकं टेकून टेकून तेलाचा गोल डाग पडलेला. शेजारी खिळ्याला तिथीचं कॅलेंडर, त्याच्याखाली त्यांचा चष्मा, बॅटरी, औषधाच्या पट्ट्या ठेवलेलं स्टूल. चुना दिल्यावर तो डाग गेला. कॅलेंडर काढलं. आणि ती एकच खुर्ची पांढऱ्या भिंतीपुढे इतकी डोळ्यांत खुपायला लागली की काय सांगू!

भंगारवाल्याला दिली. 150 रुपये आले. ते मी वहीत जमेला धरले नाहीत, देवळाच्या पेटीत टाकले. तेव्हा मला वाटलं होतं, किती चांगलं केलं आपण. एक वस्तू कमी झाली, वर दानही झालं.

सोपा सुरेख दिसायला लागला. एक सतरंजी, एक दिवाण, पडद्यांचे काठ, आणि समोरची ती पांढरीशुभ्र रिकामी भिंत. येता-जाता मी त्या भिंतीकडे बघायची. शेजारची बाई म्हणाली, "किती शांत वाटतं ग तुझ्याकडे, बस्तीत आल्यासारखं." दोन दिवस मी त्या वाक्यावर काढले.

मामंजी आले. दारात थांबून त्यांनी सगळीकडे बघितलं. "छान केलंस," म्हणाले. मग हातातली पिशवी घेऊन तसेच उभे राहिले. कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, कारण स्टूलही मी आत नेलं होतं. दिवाणावर बसले, पण दिवाण बुटका, उठताना गुडघ्यावर हात रेटून उठावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते बाहेर कट्ट्यावर बसायला लागले. खुर्चीबद्दल एक शब्द नाही. मी आपणहून सांगितलं, "मामंजी, खुर्ची फार मोडकी झाली होती." ते म्हणाले, "व्हय, मोडकीच होती." बोलण्यात टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मग मी विचार करत बसले, की चूक झाली ती नेमकी कुठे? घर सजवण्यात? ते मला पटत नाही. आपल्यातल्या काही बायका म्हणतात, सजावट म्हणजेच परिग्रह. त्यांना मी म्हणते, किल्ल्यातली कमलबस्ती बघून या. इ.स. 1204 च्या सुमाराची, रट्टांच्या काळातली. मंडपात उभं राहून मान वर केली की छतात दगडाचं पूर्ण उमललेलं कमळ खाली लोंबतं. खांबांवर तर इतकी झिलई आहे की अजून हात फिरवावासा वाटतो. आणि गाभाऱ्यात नेमिनाथ भगवंत, अंगावर सूतभरही नाही. ज्यानं सगळं टाकलं त्याच्यापुढे लोकांनी एवढी कलाकुसर केली, आणि कुणाला त्यात विसंगती दिसली नाही. (दान देणाऱ्यांनी आपल्या नावाचे शिलालेखही कोरून ठेवले म्हणा. तिथेही माणसाला नाव हवंच होतं.)

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूंच्या संख्येनं करून दिलेली नाही. त्यांनी मूर्च्छा हा शब्द वापरला आहे. वस्तूत जीव गुंतून भान हरपणं. श्रावकाने मर्यादा कशाकशाची घालायची त्याची यादी पुढे येते. शेत, घर, सोनं, धान्य, आणि कुप्यही. कुप्यात कापडचोपड येतं, म्हणजे माझे पडदे आलेच. पण मोजायचं ते आपलं आपण. आपल्यापुरतं. मी वही घेतली आणि माझ्या सात गाळण्यांतल्या चार काढल्या, ठीक. खुर्ची माझी होती का? माझ्या नियमात दुसऱ्याचा त्याग कुठून आला?

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, नवी खुर्ची घेऊन द्यायची. दिली की! लेकीनंच आणली, प्लास्टिकची, मागे रेलता येत नाही अशी. ते बसतातही. त्याआधी मी भंगाराच्या दुकानात दोनदा जाऊन आले. दुकानदार म्हणाला, "वेत जाळलं असेल बाई, लाकूड गेलं."

मला जास्त टोचतं ते वेगळंच. खुर्ची देताना माझ्या मनात कसलीही चलबिचल झाली नाही, आणि तिलाच मी निर्मोह समजले. पण त्या भिंतीवर लेकीनं पुस्तकांची फळी लावूया म्हटल्यावर मी एवढी चिडले की ती बघतच राहिली. पाहुणे आले तेव्हा त्यांच्या मुलानं बूट टेकवून भिंतीला काळा ओरखडा काढला, तर माझं लक्ष बोलण्यातून उडालं. मुलगा काय शिकला, कुठे नोकरी करतो, ते मला नंतर ह्यांना विचारावं लागलं. (तिथे जमलं नाही. लेकीला तो आवडला नव्हता, भिंतीचा काही दोष नाही.) मोडक्या खुर्चीत मामंजींचा जीव होता की नाही, मला माहीत नाही. त्यांनी ती गेल्यावर एका दिवसात कट्टा धरला. मला मात्र त्या रिकाम्या भिंतीची एक पुसट रेघ सहन होत नव्हती. आमच्या दोघांत मूर्च्छा कुणाला होती?

साधेपणा स्वस्त असतो म्हणतात. 1,840 रुपयांत झाला हे खरं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी उन्हं कुठे येतात, चष्मा अंधारात हाताला कुठे लागतो, उठताना कशाचा आधार धरायचा, हे सगळं त्या पसाऱ्यात बसवलेलं होतं. चाळीस वर्षं जागेवर बसत बसत ते बसलं होतं. मी ते एका दुपारीत उचललं. कुणाच्या तरी सोयीला आपण पसारा म्हणतो, आणि आपल्या सोयीला सजावट. बायकांना तर हे जास्त कळायला हवं. माझ्या सासूबाईंचं स्वयंपाकघर मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी असंच 'आवरलं' होतं, तेव्हा त्या पाटा कुठे गेला म्हणून अर्धा दिवस शोधत होत्या. मला ते आता आठवलं.

फाल्गुनात अष्टाह्निका आली तेव्हा मामंजी मला विचारायला लागले, आज अष्टमी ना ग? उद्या काय? रोज विचारायचे. मला वाटलं, वय झालं, विसरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला, की कॅलेंडर मी आत कपाटाच्या दाराच्या मागे लावलंय. इतके महिने ते तिथीसाठी मला विचारत होते आणि कॅलेंडर कुठे गेलं ते एकदाही विचारलं नव्हतं.

"मामंजी, कॅलेंडर कुठे लावू?" मी विचारलं.

ते प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले, भिंतीपाशी आले, बोटानं जागा दाखवली. जुन्या जागेच्या एक वीतभर खाली. "आता मान वर होत नाही," म्हणाले. लेकीनं खिळा ठोकला. चुन्याचा एक टवका उडाला, खाली पडला. मी झाडू आणायला आत गेले, तोवर त्यांनी चष्मा काढून तिथी वाचायला सुरुवातही केली होती.

स्टूलही बाहेर आणलं आहे. ते कुठे ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही. ते रोज एक-दोन इंच सरकवतात.