एक शहर कमी

इटलीहून आम्ही दोघे परतलो, तेव्हा भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "व्हेनिस कसं आहे?" आम्ही व्हेनिसला गेलोच नाही, असे सांगितले की समोरचा माणूस क्षणभर गप्प होई. मग कुणी तरी म्हणे, "एवढा खर्च करून गेलात आणि व्हेनिस सोडलंत?" या प्रश्नात वावगे काही नाही. जाण्यापूर्वी आम्हीही तो स्वतःला अनेकदा विचारला होता. वरवर पाहता ही प्रवासाच्या आखणीतली एक साधी बाब. पण आम्हाला तिने बरेच दिवस छळले. त्याचे कारण, हौस कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते, हे तिच्यामुळे ठरवावे लागत होते.

आमच्यापाशी सात रात्री होत्या. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत कोणती रात्र कुठे काढणार, याचा तपशील आणि हॉटेलचे आरक्षण द्यावे लागते. म्हणजे 'तिथे गेल्यावर बघू' ही सोय नाही. निर्णय घरातल्या जेवणाच्या टेबलावर, नकाशा पसरूनच घ्यायचा होता. रोमला चार रात्री आणि फ्लॉरेन्सला तीन, एवढे ठरले. मग नजर नकाशावर वर सरकली. फ्लॉरेन्सहून व्हेनिस वेगवान गाडीने जेमतेम सव्वादोन तास. इतक्या जवळ जाऊन परत फिरायचे?

व्हेनिसच्या बाजूने बोलणारा युक्तिवाद दुबळा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. समाधानावर प्रवचन देणे त्यांना सोपे, ज्यांना पुन्हा जाता येते. निवृत्तीच्या पैशातून आयुष्यात एकदाच विमानात बसणाऱ्या माणसाला 'थोडक्यात गोडी माना' असे सांगणे म्हणजे भुकेल्याला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे. ज्याला दुसरी संधी नाही, त्याने एकाच संधीत सारे भरून घ्यावे, यात हाव कसली? आमच्या घरात हा पक्ष मी मांडत होतो आणि माझ्या मते तो बिनतोड होता.

बेगमने वाद घातला नाही. तिने कागद घेऊन हिशेब मांडला. गाडीचे सव्वादोन तास खरे, पण त्याआधी सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे. त्यानंतर नवी खोली शोधणे आणि ती दुपारी ताब्यात मिळेपर्यंत बॅगा सांभाळणे. एक शहर बदलले की अर्धा दिवस गेलाच. व्हेनिसच्या जुन्या शहरात मोटारी नाहीत. चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवरून बॅगा उचलायच्या कुणी? शिवाय फ्लॉरेन्सची उफीझी गॅलरी सोमवारी बंद, रोमची व्हॅटिकन संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद. एक दिवस इकडचा तिकडे केला की दुसरीकडचे दार मिटते. शेवटी तिने कागदाखाली लिहिले : 'माझे गुडघे'. पुढे काही लिहिले नाही.

मग सकाळी जाऊन रात्री परतण्याचा पर्याय निघाला. त्याबाबत खुद्द व्हेनिसचे म्हणणे काय, हे कळल्यावर आम्ही वरमलो. 2024 पासून त्या शहराने ठरावीक गर्दीच्या दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसवले आहे. रात्र काढणाऱ्याला ते नाही. 1951 मध्ये जुन्या व्हेनिसात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. आज पन्नास हजारही उरलेली नाहीत. घरे पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, रहिवासी बाहेर गेले. चार तासांसाठी येणारा माणूस त्या शहराकडून छायाचित्र घेतो आणि गर्दी देऊन जातो. त्या गर्दीत आणखी दोन डोकी वाढल्याने काय होणार, असे प्रत्येक जण म्हणतो. गर्दी अशाच माणसांची बनते.

इथवर आल्यावर प्रश्न आमच्या आवडीनिवडीचा उरला नाही. तो हकाचा झाला. कुराणाच्या सूरह निसामध्ये ज्यांच्याशी भलाईने वागायचे त्यांची यादी आहे. आईवडील, नातलग, अनाथ, गरजू, शेजारी यांच्याबरोबर तीत 'बाजूचा सोबती'ही येतो. काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ प्रवासातला सोबती असा केला आहे. आमच्या प्रवासातला बाजूचा सोबती गुडघ्यांना पट्टा बांधून चालणार होता. दुसरी आठवण अब्दुल्लाह इब्न अम्र या सहाबींची. ते दिवसभर रोजे ठेवत आणि रात्रभर नमाज पढत. तेव्हा पैगंबरांनी त्यांना समजावले, की तुझ्या शरीराचा, तुझ्या डोळ्यांचा आणि तुझ्या पत्नीचाही तुझ्यावर हक आहे. अतिरेक इबादतीचा असूनही त्याला आवर घातला गेला. आमचा अतिरेक तर निव्वळ पाहण्याचा होता. डोळ्यांचा हक म्हणजे त्यांना सतत काही दाखवत राहणे, असे आपण समजतो. त्यांना मिटू देणे हाही त्यांचा हकच.

याच ओघात आम्हाला कस्रची नमाज नव्याने कळली. प्रवासात चार रकअतींच्या दोन होतात, हे लहानपणापासून माहीत होते. किती दिवसांच्या मुक्कामापर्यंत माणसाला मुसाफिर मानायचे, याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, तोही ठाऊक होता. पण त्यामागचा विचार कधी केला नव्हता. ही सवलत आयतीत शत्रूच्या भयाच्या संदर्भात आली आहे. मग भय सरल्यावरही ती का, हा प्रश्न हजरत उमर यांनाही पडला होता. त्यांनी पैगंबरांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, की हे अल्लाहने तुम्हाला दिलेले दान आहे, ते स्वीकारा. खुद्द देवाचे देणे जिथे निम्मे होते, तो काळ म्हणजे प्रवास. आणि आम्ही नेमक्या त्याच काळात स्वतःवरचे ओझे दुप्पट करायला निघालो होतो. घरी दिवसाला एक काम धड न करणारे आपण प्रवासात तीन शहरे, अकरा चर्च आणि चार संग्रहालये अंगावर घेतो. कमी करणे ही प्रवासातली उणीव मानतो. ते दान आहे, हे विसरतो.

तरीही मनाचा एक कोपरा बोलतच होता. कुराण तर पृथ्वीवर फिरा आणि पाहा, असे वारंवार सांगते. मग जास्त फिरणे वाईट कसे? याचे उत्तर आम्हाला इब्न जुबैरने दिले. ग्रानाडाच्या राज्यपालाचा हा चिटणीस 1183 मध्ये हजला निघाला. परतताना 1184 च्या डिसेंबरात त्याचे जहाज सिसिलीच्या मेस्सिना बंदरापाशी फुटले. किनाऱ्यावर पोचवण्यासाठी नावाडी अवाच्या सवा पैसे मागत होते. गरीब मुसलमान उतारूंकडे ते नव्हते. बुडते जहाज पाहायला आलेल्या ख्रिस्ती राजा विल्यमने स्वतःच्या खजिन्यातून ते पैसे दिले. पुढे पालेर्मोत इब्न जुबैरला राजवाडे दिसले, मुसलमान नोकरांवर राजाचा विश्वास दिसला, मुसलमान स्त्रियांसारखा पेहराव करून नाताळला निघालेल्या ख्रिस्ती स्त्रिया दिसल्या. तो इथूनच परतला असता, तर सिसिलीत सारे आलबेल आहे, असे त्याने लिहिले असते.

पण अनुकूल जहाज मिळेना. त्रापानीच्या बंदरात त्याला मार्चपर्यंत अडकून पडावे लागले. तिथे हळूहळू लोक मनातले बोलू लागले. राजाची मर्जी वरवरची, आतून दबाव वाढतो आहे, पुढच्या पिढीचा दीन टिकेल की नाही, याची धास्ती होती. तिथल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने तर हाजींपैकी एकाला निरोप पाठवला, की माझ्या मुलीला सोबत घेऊन जा. तुम्ही निकाह करा किंवा योग्य स्थळ पाहून द्या, पण तिला या भूमीतून बाहेर काढा. बाप, भाऊ आणि ती मुलगी, सारे या कायमच्या ताटातुटीला तयार होते. पहिल्या काही दिवसांत वैभव दिसले. दुःख दिसायला मुक्काम लागला. कुराणाने सांगितलेले पाहणे हे दुसऱ्या प्रकारचे असावे. ते बोध घेण्यासाठी आहे, गणतीसाठी नव्हे. आपल्याकडे महाबळेश्वरला गेलेला माणूस 'बारा पॉइंट झाले' म्हणतो. त्यात पाहण्यापेक्षा उरकण्याचा आनंद अधिक असतो.

आम्ही व्हेनिस सोडले. जो दिवस तिथे गेला असता, त्या सकाळी फ्लॉरेन्समधला सान मार्कोचा जुना मठ पाहिला. पंधराव्या शतकात फ्रा अँजेलिको या साधू-चित्रकाराने आणि त्याच्या साहाय्यकांनी तिथल्या भिक्षूंच्या खोल्यांतून भित्तिचित्रे काढली. खोल्या लहान, एकेक खिडकी, आणि प्रत्येक खोलीत एकच चित्र. एका भिक्षूच्या वाट्याला एक भिंत आणि तीवरचे एक चित्र, वर्षानुवर्षे. शेजारच्या खोलीतले चित्र अधिक सुंदर आहे का, हे त्याला पाहावेसे वाटत नसेल काय? वाटत असेलच. ज्याला आपण कनाअत म्हणतो, ती इच्छा नसण्यात नाही; समोर जे आहे त्याच्याकडे पुन्हा पाहण्यात आहे. बेगम एका खोलीच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली. मीही उभा राहिलो. घाई नव्हती.

एवढे सांगूनही एक कबुली द्यायची राहते. परतल्यावर 'आम्ही व्हेनिस सोडलं' हे सांगताना आमच्या स्वरात हळूहळू ऐट येऊ लागली. जास्त पाहिल्याचा जसा गर्व असतो, तसा कमी पाहिल्याचाही असतो आणि तो ओळखायला अधिक कठीण. एका दुपारी एक शेजारीण तिच्या मुलाने घडवलेल्या युरोपच्या सहलीविषयी भरभरून बोलत होती. दहा दिवस, कितीतरी शहरे. आम्ही मनातल्या मनात हसलो. मग तिने मोबाईलवर व्हेनिसचे एक छायाचित्र दाखवले. पाण्याकाठी मुलाचा हात धरून ती उभी होती. आयुष्यात प्रथमच गावाबाहेर इतक्या दूर गेलेल्या त्या बाईचा चेहरा असा काही उजळला होता, की आमचे हसू जागच्या जागी विरले. तिच्या बाजूच्या सोबत्याने तिचा हक दिला होता.

म्हणून व्हेनिसला जावे की जाऊ नये, याचे उत्तर या लेखात नाही. ते नकाशावरही नाही. कुणासाठी जातो आहोत, कुणाच्या वाट्याचा वेळ घेतो आहोत आणि ज्या शहरात पाय ठेवू त्याला काय देणार आहोत, हे आधी विचारावे. नीयत साफ असेल तर दोन रात्रींचे व्हेनिसही सफर होते. नसेल तर महिनाभराचा मुक्कामही नुसती वणवण ठरते. आमच्या बाबतीत त्या कागदावरचे 'माझे गुडघे' हे दोन शब्द पुरेसे होते. ते वाचायला आम्हाला इतके दिवस लागले, याचीच खंत वाटते.