मोरीच्या पोटातला प्रश्न

गोव्यातल्या लाटंबार्शाला समुद्र नाही. मासळी डिचोलीच्या बाजारातून येते, आणि मोरी, म्हणजे शार्क, मिळाली की घरात आंबटतिखाचा बेत ठरतो. लहान जातीची मोरी कापताना कधीकधी पोटातून बोटभर पिल्ले निघतात. प्रत्येकाच्या छातीशी नाळ, नाळेच्या टोकाला वार. स्कोलिओडॉन नावाच्या या मोरीचे अंडे जेमतेम 1 मिलिमीटरचे. त्यात बलक नावापुरताच; पिल्लू पोसले जाते ते आईकडूनच.

पण त्या पिल्लाचा अर्धा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. दुसऱ्याच्या कातडीचा तुकडा शरीर काही दिवसांतच झिडकारते. मग गर्भ महिनोन्महिने टिकतो कसा? त्वचारोपणाचा अभ्यास करणाऱ्या पीटर मेडावर यांनी 1953 मध्ये हा प्रश्न मांडला आणि तीन शक्यता सुचवल्या: आई व गर्भ यांच्यात आडपडदा असेल, गर्भाची ओळख पटण्याइतकी पक्की झालेली नसेल, किंवा आईची प्रतिकारशक्ती मंदावत असेल. तिन्हींमागे गृहीत एकच: परका ओळखला गेला की हल्ला ठरलेलाच.

मोरीचे कुळ या गृहीताला हादरा देते. शार्क 40 कोटी वर्षांहून जुने. आपल्यासारखी प्रतिपिंडे असलेल्या हयात प्राण्यांत त्यांची शाखा सर्वांत आधी वेगळी झाली. मस्टेलस या शार्कच्या वारेत इंटरल्युकिन-1 सापडले आहे. दाह पेटवणारा हा रेणू माणसाच्या वारेतही असतो. म्हणजे गर्भ वाढतो तिथे संरक्षणयंत्रणा झोपलेली नसते, कामात असते. उलट नळीमाशांत गर्भ बाप वाहतो. त्यांच्यातल्या काहींत परके ओळखण्याच्या यंत्रणेतली महत्त्वाची जनुकेच गळून गेली आहेत, असे संशोधक ओलिव्हिया रॉथ यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवले. वाटा दोन, आणि दुसरीची किंमत मोठी.

म्हणून मला वाटते, ओळखणे आणि मारणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांच्या मधे पारख असते, आणि प्रतिकारशक्तीचे खरे सामर्थ्य त्या पारखीत आहे. परक्याला हाकलणे तिला येतेच. त्यातल्या कोणाला पोसायचे हे ठरवणे अधिक कठीण. वारंवार गर्भ गमावणाऱ्या बाईला आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला या पारखीचे ज्ञान हवे आहे. त्या ज्ञानाची सामग्री, म्हणजे मोरीची वार, आपल्या बाजारात येते आणि आतड्यांबरोबर फेकली जाते. गोव्यातल्या प्रयोगशाळांनी ती मासळीवालीकडून मागून घ्यावी.