शंकासमाधान : संध्याकाळचा सराव आणि सायंसंध्या

शंका : बंगळुरातील जयनगर भागातल्या एका देशस्थ माध्व मराठी घरातील मुंज झालेला बारा वर्षांचा मुलगा रोज क्रिकेटच्या सरावाहून सातच्या सुमारास परततो. त्यामुळे सायंसंध्या वेळेवर होत नाही, आणि रविवारचा स्तोत्रपाठाचा वर्ग व सामने एकाच वेळी येतात. आजोबांच्या मते खेळ बंद करावा. शास्त्राचा अभिप्राय काय?

समाधान : या शंकेतील दोन गोष्टी भिन्न दर्जाच्या आहेत. संध्या हे नित्यकर्म, म्हणजे विशेष फळासाठी नव्हे तर न केल्यास दोष लागतो म्हणून रोज करावयाचे कर्म होय. स्तोत्रांचा वर्ग ही शिक्षणाची सोय असून तिची वेळ बदलता येते.

सायंसंध्येच्या काळाची प्रतवारी धर्मशास्त्रानेच लावली आहे. सूर्य असताना केलेली उत्तम, तो मावळल्यावर केलेली मध्यम आणि तारे दिसू लागल्यावर केलेली कनिष्ठ मानली जाते, परंतु कनिष्ठ म्हणजे त्याज्य नव्हे. मुख्य काळ टळल्यास नेहमीच्या तीन अर्घ्यांखेरीज (अर्घ्य म्हणजे मंत्रपूर्वक ओंजळीने दिलेले जल) आणखी एक अर्घ्य कालातिक्रमाचे, म्हणजे वेळ उलटल्याचे, प्रायश्चित्त म्हणून द्यावे, असा विधी आहे. बंगळुरात सूर्यास्त वर्षभर पावणेसहा ते सातच्या दरम्यान होत असल्याने सराव असलेल्या दिवशी उत्तम काळ साधणे कठीणच आहे. अशा दिवशी मुलाने घरी येताच हातपाय धुऊन, वस्त्र बदलून, प्रायश्चित्तार्घ्यासह संध्या करावी आणि मगच जेवावे. सुट्टीच्या दिवशी मात्र ती वेळेवर व्हावी, नाहीतर प्रायश्चित्त ही आळसाची मुभा ठरेल. उशीर झाला हे ओळखून त्याची भरपाई स्वतःहून करणाऱ्या मुलाला धर्माचे जे ज्ञान होते, ते बळाने घरी बसवलेल्या मुलाला होत नाही, आणि हेच या प्रश्नाचे मर्म आहे.

खेळाला धर्माचा वैरी मानण्यास परंपरेत आधार नाही. कालिदासाच्या कुमारसंभवात शरीराला धर्माचे पहिले साधन म्हटले आहे, तर समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात कृष्णाखोऱ्यात मारुतीची मंदिरे स्थापून उपासनेला बळाची जोड दिली. वेदाध्ययनालाही अनध्याय, म्हणजे पाठ बंद ठेवण्याचे दिवस, मनुस्मृतीने सविस्तर सांगितले आहेत. अखंड पाठांतराचा आग्रह स्मृतिकारांनाही मान्य नव्हता. पेजावर मठाचे विश्वेशतीर्थ स्वामी यांनी १९५६ मध्ये बंगळुरात स्थापलेल्या पूर्णप्रज्ञ विद्यापीठासारख्या संस्थेत पूर्णवेळ शास्त्राध्ययन चालते, पण तो मापदंड शाळकरी मुलाला लावणे अन्यायाचे आहे. त्याच्यासाठी सकाळी संध्येनंतर वडिलांबरोबर बसून अर्थासह केलेला वीस मिनिटांचा पाठ आठवड्याच्या वर्गापेक्षा अधिक टिकाऊ ठरतो. काही कमी करावयाचेच असेल, तर खेळ आणि उपासना या दोहोंच्या आधी शाळेनंतरच्या शिकवण्यांकडे पाहावे.

शंका : सामना एकादशीला आल्यास उपवासाचे काय?

समाधान : माध्व संप्रदायात एकादशीचे पालन कडक असते, आणि आठ वर्षांवरील व्यक्तीला ते विहित मानले जाते, म्हणून बारा वर्षांच्या मुलाला लहान ठरवून ती पूर्णपणे सोडवणे योग्य नव्हे. तथापि पाणी टाळून उन्हात खेळावयास लावणे हे व्रत नसून देहाला केलेली इजा आहे. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितले आहे, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध येतात, आणि सामन्याच्या दिवशी मुलाचे तेवढ्यावर सहज भागते. त्याच आठांत गुरुवचनही असल्याने, ज्या घराण्यात निर्जल उपवासाचा रिवाज आहे तेथील पालकांनी आपल्या मठात, उदाहरणार्थ जयनगर पाचव्या ब्लॉकमधील राघवेंद्र स्वामींच्या मठात, मुलाला बरोबर नेऊन विचारावे आणि उत्तर त्याच्या कानी पडू द्यावे.