आईला 'तू' म्हणताना



यिथ्रोच्या पाराशात सीनाय पर्वतावरच्या दहा आज्ञा येतात. त्यांतली पाचवी, बापाचा व आईचा मान राखण्याची, आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते (शेमोथ 20:12). पण व्यायिक्राच्या 19 व्या अध्यायाच्या तिसऱ्या पासूकात हीच गोष्ट पुन्हा येते, आणि तेथे दोन फरक आहेत. 'मान' या शब्दाच्या जागी 'भय' हा शब्द आहे, आणि बापाच्या आधी आईचे नाव आहे. असे का, हा प्रश्न आपल्या हाखामांनी तल्मूदच्या किद्दुशीन भागात विचारला आहे. त्यांचे उत्तर असे की, आई गोड बोलून समजावते, म्हणून मूल तिचा मान मनानेच राखते. बाप तोरा शिकवतो, म्हणून भय वाटते ते बापाचे. जे आपोआप होते ते मागे ठेवले, आणि जे आपोआप होत नाही ते तोराने आधी लिहिले.

मी माझगावच्या सर एली कदुरी शाळेत मराठी शिकलो. त्यामुळे हे वाचताना मला आपल्या घरातली बोलण्याची रीत आठवते. वडिलांना आपण 'अहो पपा, तुम्ही' म्हणत आलो आणि आईला 'अगं आई, तू'. त्या 'तू' मध्ये माया आहे, यात शंका नाही. पण भय आहे का? इस्राएलात येऊन चाळीस वर्षे होत आली, पन्नाशी उलटली, साठी उलटली, तरी हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तो विचारण्याची वेळ 2022 साली आली.

त्या वर्षी माझ्या आईच्या हृदयाची झडप बदलावी लागली. तिचे वय तेव्हा 81. अश्दोदला ती एकटी राहते. मी रामलाला, बहीण दिमोनाला, आणि बहिणीची नोकरी अजून चालू. परमेश्वराच्या कृपेने ऑपरेशन चांगले झाले व आठवड्याभराने आई घरी आली. ज्यांच्या घरी हे झाले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. छातीचे हाड मधोमध कापून तारांनी पुन्हा बांधलेले असते. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर भरलेले पातेले उचलायचे नाही, हातांवर जोर देऊन खाटेवरून उठायचे नाही, खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची, आणि रोज सकाळी वजन पाहायचे, कारण अंगात पाणी साठले तर ते काट्यावर आधी कळते. अन्न नकोसे होते. विनाकारण रडू येते, याचीही कल्पना डॉक्टरांनी दिली होती. हे सर्व मी करू शकत होतो. पण आंघोळ? साडी नेसवणे? त्या बाबतीत आईने मला दाराबाहेर उभे केले, आणि ते योग्यच होते.

तेव्हा मेतापेलेत हवी, म्हणून बितुआख लेउमीकडे अर्ज केला. घरी राहणाऱ्या वृद्धांना अशी मदत देणारा कायदा या देशात 1988 पासून अमलात आहे. अर्जानंतर एक बाई घरी येऊन पाहते: घरात चालता येते का, कपडे घालता येतात का, आंघोळ, जेवण, शौच स्वतः होते का. ठरलेल्या दिवशी मी पोहोचलो तर आई चांगली साडी नेसून, केस विंचरून तयार. साडी शेजारणीने नेसवली होती, पण तसे सांगेल कोण? बाईंनी एकेक प्रश्न विचारला आणि आई प्रत्येकाला 'मी सगळे करते' असे उत्तर देत गेली. वर उठून चहा ठेवला! मी गप्प बसलो. हाखामांनी भयाचा अर्थ सांगताना म्हटले आहे की आईबापांच्या जागेवर बसू नये व त्यांचे बोलणे खोडू नये. ते वचन मी मनात धरून बसलो होतो, असे मी तेव्हा स्वतःला समजावले. खरे तर तिचा राग ओढवून घेण्याची माझी तयारी नव्हती. मदत नाकारल्याचे पत्र आले, त्यात त्या बाईंचा काय दोष?

आठ दिवसांनी आंघोळीच्या जागी आईचा पाय घसरला. पडली नाही, नळाला धरून सावरली. पण त्या हिसक्याने छाती दुखू लागली व एक रात्र इस्पितळात काढावी लागली.

पुन्हा अर्ज केला. या वेळी मी ठरवूनच गेलो. खिडकीजवळच्या आईच्या खुर्चीत बसलो, कागद मांडीवर पसरले, आणि आई तोंड उघडण्याआधी भराभर हिब्रूत सांगू लागलो: हिला अंघोळ जमत नाही, हिला उठता येत नाही, रात्री कपडे ओले होतात. आई म्हणाली, 'असे काही नाही.' मी तिच्याकडे न पाहता म्हणालो, 'तिचे ऐकू नका.' आठवड्याला काही तास मंजूर झाले. मला वाटले, मोठे काम केले.

पहिल्या दिवशी मेतापेलेत आली. आईने दार अर्धे उघडले, 'आमच्या घरी आजारी कोणी नाही' असे सांगितले, आणि दार लावून घेतले.

वाचकहो, दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी मात्र घरी बसून किद्दुशीनचे ते पान पुन्हा काढले, आणि भयाच्या व्याख्येच्या थोडे पुढे जे आहे ते या वेळी नीट वाचले. बापाकडून तोराची एखादी आज्ञा मोडली जात असली तर मुलाने काय करावे, असा तेथे प्रश्न आहे. गप्प राहावे असे हाखाम म्हणत नाहीत. पण 'तुम्ही चुकलात' असे म्हणू नये. 'बाबा, तोरात असे लिहिले आहे' असे म्हणावे. त्यावरही कोणी हरकत घेतली आहे की एवढ्यानेही बापाला दुःख होईल. म्हणून फक्त ते पासूक त्याच्यापुढे ठेवावे आणि पुढचे त्याचे त्याला कळू द्यावे. एका बापाचे मन राखण्यासाठी शब्दाशब्दाची एवढी तोलमापी! आणि मी परक्या बाईसमोर आईच्या कपड्यांबद्दल बोललो होतो.

शुक्रवारी दुपारी गेलो. खुर्चीत बसलो नाही. इस्पितळाचा कागद तिच्या हातात दिला व म्हणालो, 'आई, डॉक्टरांनी काय लिहिले आहे बघ जरा. मला नीट कळले नाही.' हिब्रू वाचायला तिला वेळ लागतो. वाचले, चष्मा काढला, आणि म्हणाली, 'एकटीने अंघोळ करू नये असे आहे.' मग बऱ्याच वेळाने मनातले बोलली: 'मला कोणाची सेदाका नको. अलिबागच्या इस्राएल आळीत आम्ही उपाशी राहिलो, पण हात पसरला नाही.'

हे मला कधी सुचलेच नव्हते! मी तिला तिची जुनी पगारपत्रके आठवून दिली. 1984 साली आलो तेव्हापासून 17 वर्षे ती कारखान्यात शिवणकाम करीत होती आणि दर महिन्याला बितुआख लेउमीचे पैसे तिच्या पगारातून कापले जात होते. या सेवेचा हिस्सा त्यातच असतो. आईबापांची सेवा कोणाच्या पैशाने करावी, यावरही तल्मूदमध्ये वाद आहे, आणि निर्णय असा की बापाजवळ असेल तर बापाच्याच पैशाने. मी म्हणालो, 'हे तुझेच आहे, आई.' ती म्हणाली, 'मग तसे सांगायचे होते.'

आपल्या समाजात अजून कुजबुज होते की, मुलगा असताना आईला परक्या बाईच्या हाती दिले. ज्यांचे मन भ्रमिष्ट झाले आहे अशा आईबापांविषयी रामबामने लिहिले आहे की मुलाला ते झेपेनासे झाले तर त्याने योग्य सेवा करणारी माणसे नेमून द्यावीत. यावर राआवाद विचारतो की मुलगाच निघून गेला तर आईबापांना राखायचे कोणी? दोघेही मोठे हाखाम. माझ्यापुरते मी एवढेच जाणतो की मेतापेलेत आली म्हणून माझ्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत. आता गेलो की बादल्या आणि औषधांचे डबे यांतच सगळा वेळ जात नाही. आम्ही बसून बोलतो.

पुढच्या खेपेस बाई आल्या तेव्हा किती वाजता यावे, पाणी किती गरम हवे, हे आईनेच सांगितले. त्या युक्रेनमधून आलेल्या, हिब्रू दोघींचे मोडके. 'हळू' हा शब्द त्या पहिल्या आठवड्यात शिकल्या.

तीन महिन्यांनी आईने नवस केला होता तो एलियाहू हनाबीचा मलिदा केला. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. बाई पोहे धूत होत्या. पाणी जरा जास्त होते आहे असे वाटून मी पुढे झालो, तर आई म्हणाली, 'तू मध्ये बोलू नकोस. तिला मी सांगितले आहे.'