शिकवणाऱ्याचा स्वाध्याय

शिक्षकाने आयुष्यभर शिकत राहणे हा त्याचा धर्म आहे, की ती केवळ एक चांगली सवय? तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत या प्रश्नाचा अगदी थेट विचार केलेला आहे. तिच्या नवव्या अनुवाकात ऋत, सत्य, तप, दम, शम, अतिथिसेवा अशी कर्तव्ये एकेक करून येतात आणि प्रत्येकाबरोबर स्वाध्याय व प्रवचन, म्हणजे स्वतः अभ्यासणे आणि दुसऱ्याला शिकवणे, यांचा उल्लेख होतो. अखेरीस तीन आचार्यांचे मतभेद नोंदवले आहेत. राथीतर सत्याला श्रेष्ठ मानतो, पौरुशिष्टी तपाला. नाक मौद्गल्य मात्र म्हणतो की स्वाध्याय आणि प्रवचन एवढेच पुरे, कारण तप ते तेच. अभ्यास विद्यार्थिदशेत उरकायचा आणि मग जन्मभर शिकवायचे, अशी वाटणी इथे नाही.

हीच वल्ली ध्वनींच्या शिक्षणापासून सुरू होते, याकडे फारसे लक्ष जात नाही. वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान ही उच्चारशास्त्राची अंगे दुसऱ्याच अनुवाकात येतात. लगेच पुढे आचार्याला पूर्वरूप, शिष्याला उत्तररूप आणि विद्येला त्यांचा संधी म्हटले आहे.

या विचाराची मर्यादाही मोठी आहे. मूळ स्वाध्याय म्हणजे आपापल्या वेदशाखेचे पठण, आणि स्त्रीशूद्रांना त्याची दारे बंद होती. ज्ञानाला तप म्हणणाऱ्या परंपरेने ते तप बहुसंख्यांना नाकारले. या आक्षेपाला १८४८ नंतर पुण्यात कृतीने उत्तर मिळाले. सावित्रीबाई फुले आधी पती जोतीरावांकडे शिकल्या, मग त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि ज्यांना अक्षर नाकारले गेले होते त्यांनाच शिकवू लागल्या.

तरीही शिक्षकाने शिकत राहणे हे कर्तव्य का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पहिलीच्या वर्गात सापडते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर मात्र त्याच्या आधी. ‘र’ तर सूर्य, चक्र, ट्रक आणि वाऱ्या या चार शब्दांत चार रूपे घेतो. इथे मूल अडखळले तर दोष बुद्धीचा नसतो, लिपीच्या रचनेत ती अडचण आहेच. हे ज्याने कुठे वाचलेले नाही आणि स्वतःही ताडलेले नाही, तो शिक्षक त्या मुलाला निष्काळजी म्हणतो, थोड्या दिवसांनी ‘ढ’ म्हणतो. शिक्षकाचे अज्ञान असे मुलाच्या खाती मांडले जाते आणि मुलाला त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. म्हणूनच वाचनलेखन शिकवण्याविषयीची पुस्तके वाचणे ही शिक्षकाची हौस राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो.

यावर नेहमीचे उत्तर अनुभवाचे असते: इतकी वर्षे शिकवल्यावर पुस्तक आणखी काय सांगणार? पण मूल कुठे अडते हे अनुभव दाखवतो, का अडते हे दर वेळी सांगत नाही. बाराखडी घडाघडा म्हणणारे मूल ओळीच्या मधले एखादे अक्षर विचारले की गप्प होते. त्याने क्रम पाठ केलेला असतो, अक्षर ओळखलेले नसते. एवढा भेद ध्यानात आला नाही, तर पुढची दहा वर्षे म्हणजे पहिल्याच वर्षाची उजळणी.

उलट टोकाचा धोकाही खरा आहे. पुस्तक प्रमाण मानून मुलाकडे पाहायचेच सोडून देणारे शिक्षकही असतात. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम सांगतो. तो आत्मविद्येसंबंधी आहे हे खरे, तरी शिक्षकाच्या वाचनाला तो चपखल लागू पडतो. वाचणे म्हणजे श्रवण. वाचलेले आपल्या वर्गाशी ताडून पाहणे हे मनन. आणि ते पचून कृतीत उतरणे हे निदिध्यासन. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. गिजुभाई बधेकांसोबत भावनगरला त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीचा अभ्यास केला. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर आदिवासी मुलांसाठी त्या पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी आणि सहकारी अनुताई वाघांनी तत्त्व ठेवले आणि साधने बदलली: पाने, खडे, शिंपले हाती घेतले आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली. ही मॉन्टेसरीशी प्रतारणा नव्हती. वाचलेले पचले होते, इतकेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. तास मोजता येतात, मनन मोजता येत नाही. सक्तीचा स्वाध्याय बहुधा हजेरीपटावर संपतो. पण यासाठी केवळ शिक्षकालाच बोल लावणे अन्यायाचे होईल. जनगणना, निवडणूक आणि माहितीचे तक्ते यांसाठी त्याचा वेळ हक्काने मागितला जातो. प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात शिक्षकाच्या स्वतःच्या वाचनासाठी मात्र सहसा एकही तासिका नसते.