विराट म्हणजे काय?



गेल्या वर्षीच्या उत्सवाचे पत्रक लिहिण्याचे काम विश्वस्त मंडळींनी आमच्यावर सोपविले होते. आम्ही त्यात भव्य मिरवणूक, विराट धर्मसभा आणि प्रचंड जनसमुदाय असे तीनही शब्द एकाच परिच्छेदात बसविले आणि मनातून खूषही झालो. सभेच्या दिवशी पाऊस आला. मंडपात चाळीसएक माणसे होती. त्यांतली निम्मी तर प्रसादाच्या तयारीला आलेली. रात्री गाभाऱ्याला कुलूप घालून घरी आल्यावर वडिलांनी एवढेच विचारले, "विराट म्हणजे काय रे?" आम्हांस नीट सांगता आले नाही. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. पण त्या प्रश्नाने आम्हांस शब्दकोश उघडावयास लावला, हे खरे.

विराट या शब्दात 'राज्' धातू आहे. शोभणे, तळपणे, सत्ता चालविणे हे त्याचे अर्थ. पुरुषसूक्तात आदिपुरुषापासून विराट उत्पन्न झाल्याचे वर्णन आहे. सभेशी त्याचा संबंध नाही. 'प्रचंड'मध्ये चंड आहे, म्हणजे उग्र, तापलेले. देवीचे चंडी हे नाव त्यातलेच. सर्वांत मौज 'अजस्र' या शब्दाची. संस्कृतात त्याचा अर्थ न थांबणारे, अखंड. मराठीत येता येता तो अवाढव्य झाला. नंदादीपाला अजस्र म्हणावे तर मूळ अर्थाने ते अगदी योग्य; पण आज तसे छापले, तर लोक दिवा केवढा मोठा आहे हे पाहावयास येतील! आणि 'ब्रह्म' हा शब्दही वाढणे, विस्तारणे या अर्थाच्या 'बृह्' धातूपासून आला आहे. तंजावरला राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेल्या शिवालयातील देवाला बृहदीश्वर म्हणतात, त्यातही तोच धातू. त्याच देवालयाच्या भिंतीवर पुढे भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला.

परंतु शब्दांच्या या कुळकथेने वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. त्यासाठी गीतेच्या अकराव्या अध्यायाकडेच गेले पाहिजे. विश्वरूप पाहण्याची इच्छा अर्जुनाने स्वतः होऊन प्रकट केली होती. ते रूप सांगताना संजय हजार सूर्यांच्या तेजाची उपमा देतो. पण तीही 'जर'ची भाषा वापरून देतो, हे आपण पाठ म्हणताना विसरतो. हजार सूर्य एकदम उगवले, तर कदाचित तसे तेज होईल, इतकेच तो म्हणतो. ज्याने पाहिले, त्याची वाणी जपून चालते. आम्ही मात्र चाळीस माणसांसाठी 'विराट' खर्च करून मोकळे झालो.

आणि अर्जुन? त्याच्या अंगावर काटा उभा राहिला, वाणी अडखळली. आपण कोण आहात, असे त्याने भीतभीत विचारले, तेव्हा 'काल' हे उत्तर मिळाले. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. त्या कार्याचे प्रमुख शास्त्रज्ञ ओपेनहायमर संस्कृत शिकलेले होते. त्या क्षणी आपणांस हाच श्लोक आठवला, असे त्यांनी १९६५ साली दूरचित्रवाणीवर सांगितले. ज्यांच्या हातून ती शक्ती सुटली, त्यांनाही शब्द कुरुक्षेत्रावरूनच घ्यावा लागला.

तरी आमच्या मते या अध्यायाचा गाभा पुढेच आहे. अर्जुन क्षमा मागतो ती कशाची? तुझा महिमा न जाणता मी तुला कृष्णा, यादवा, सख्या अशा सलगीने हाका मारल्या. जेवताखाता, हसताखेळता तुझा मान राखला नाही, याची. मग तो आपले ओळखीचे रूप परत मागतो. भगवंत त्यावर रागावत नाहीत. ते सौम्य रूप धारण करून त्या भ्यालेल्या माणसाला धीर देतात. सख्या म्हणण्याचा अधिकार त्यांनी काढून घेतला, असे कोठेही लिहिलेले नाही.

हे सारे आम्हांस वडिलांना सांगावयाचे होते. मार्गशीर्षात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. कित्येक वर्षे रोज पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणणारी जीभ आता वळत नाही. पूजा आम्ही करतो, आणि नंतर त्यांच्या खाटेशी बसून सहस्रनाम मोठ्याने वाचतो. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांनी युधिष्ठिराला सांगितलेली ती हजार नावे. त्यांत 'अणु' आणि 'बृहत्' ही नावे शेजारी शेजारी येतात. लहानाहून लहान तोच आणि अफाट तोच. तेथे वडील उजवा हात किंचित उचलून आम्हांस थांबवितात. आम्ही ती दोन नावे पुन्हा वाचतो.

यंदाच्या पत्रकाचा मसुदा आम्ही त्यांना वाचून दाखविला. मिरवणूक सायंकाळी पाच वाजता निघेल, एवढेच त्यात आहे. त्यांनी मान हलविली.

वैद्यांनी धीर धरावयास सांगितले आहे. अलीकडे एकच शब्द त्यांच्या तोंडून स्पष्ट येतो, तोही वाचन चालू असता मध्येच: "विठू." हे नाव त्या हजारांत नाही. आम्ही क्षणभर थांबतो आणि पुढचे नाव वाचतो.